आप्पांचं मेडल पाटावर का

प्रिय मनू,

रविवारी गाडीत तू विचारलंस, "खंडेनवमीला आपण आप्पाआजोबांच्या मेडलला हळदकुंकू का वाहतो? माझ्या मैत्रिणीची आजी त्याच सैनिकांच्या भीतीने श्रीलंकेतलं, जाफन्यातलं घर सोडून पळाली होती." मला ते लागलं. तुझा राग नाही आला, पण लागलं. गाडी चालवता चालवता सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून लिहितेय.

मैत्रिणीची आजी सांगते ते खरं आहे. जुलै 1987 मध्ये राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा कोलंबोत करार झाला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली. तमिळ लोकांनी आधी तिचं स्वागतच केलं. ऑक्टोबरात तीच सेना लिट्टेशी, म्हणजे तमिळ बंडखोरांच्या संघटनेशी, लढू लागली, तीही भर वस्तीत. हजारो लोक जाफन्यातल्या नल्लूरच्या देवळात आसऱ्याला गेले. पुढच्या अडीच वर्षांत आपलेही सुमारे 1,200 जवान तिथे मारले गेले. हे आकडे मी तिच्या आजीच्या घरासमोर तराजूत टाकत नाहीये. तुला दोन्ही माहीत असावं, एवढंच.

आता माझ्या बाजूचं. त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आला होता. आपल्या गावाकडे खंडेनवमी म्हणजे विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाड घासूनपुसून पाटावर मांडायची आणि झेंडू वाहायचा. बापूकाकांची सायकल, आईचं शिवणयंत्र, सगळ्यांना हळदकुंकू. साताऱ्याच्या त्या पट्ट्यात घरटी एखादा माणूस फौजेत. शेजारच्या अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. त्यामुळे कोणाच्या पाटावर जुना बिल्ला असायचा, कोणाच्या पट्ट्याचं बक्कल. आप्पा मराठा लाईट इन्फन्ट्रीत हवालदार होते, पण आमच्या पाटावर त्यांचं काहीच नव्हतं. आज्जीने, त्यांच्या आईने, त्यांचं शेवटचं आंतरदेशीय पत्र ठेवलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एपीओचा, म्हणजे लष्करी टपालाचा, नंबर, गावाचं नाव नाही.

दसरा झाला आणि लढाई सुरू झाली. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुणे केंद्राच्या बातम्या लागल्या की आज्जी चुलीपुढून उठून रेडिओला कान लावायची. जाफना हे नाव तिला नीट म्हणता यायचं नाही. पोस्टमन गल्लीत वळला की आई हातातलं काम टाकून भिंतीला टेकायची. पत्र आलं तर बरं, तार आली तर... पुढचं कोणी बोलायचं नाही. दिवाळी त्यातच आली. फराळ झाला, पण किल्ला आम्ही केला नाही.

आप्पा परत आले तेव्हा मिरवणूक वगैरे काही नव्हती. त्या लढाईतून आलेल्यांचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. मार्च 1990 मध्ये शेवटचे जवान मद्रासला उतरले तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नव्हते, हे आप्पांनी पेपरात वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. आज्जीने मात्र दारात त्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला आणि म्हणाली, "आलं माजं लेकरू." ते विदेश सेवा मेडल नंतर मिळालं. पुढच्या खंडेनवमीला ते पाटावर ठेवलं तेही आज्जीनेच. आप्पांनी स्वतःच्या हाताने ते कधी ठेवलं नाही. पूजेच्या वेळी ते उंबऱ्यापाशी उभे राहायचे, आत यायचे नाहीत. मला तेव्हा वाटायचं, त्यांना लाज वाटतेय कौतुकाची. आता तसं ठामपणे म्हणवत नाही.

तुला आठवतं, आप्पा रस्त्याने चालताना सतत खाली बघायचे? तू लहानपणी त्यांना "आजोबा, पैसे पडलेत का?" म्हणून विचारायचीस. तिथे सुरुंग असायचे. नव्याने उकरलेली माती दिसली की पाय ठेवायचा नाही, ही सवय त्यांना कायमची लागली. गावात नळाची पाइपलाइन टाकली तेव्हा सगळे बुजवलेल्या चरावरून सरळ जायचे, आप्पा मारुतीच्या देवळाला वळसा घालून घरी यायचे. मी त्यांचं बोट धरून तो वळसा कितीदा घातलाय. जाफन्याबद्दल ते मला एकदाच बोलले. ताडाची झाडं, तांबडी माती आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. "आपल्या आईसारख्याच," म्हणाले, आणि उठून गुरांना वैरण घालायला गेले.

म्हणून मनू, माझ्यासाठी त्या मेडलला वाहिलेलं हळदकुंकू लढाईला नाही. आज्जीचा मुलगा घरी आला, त्याला आहे. पण पाटावर विळ्याकोयत्यांबरोबर मेडल मांडलेलं बघून बाहेरच्या माणसाने यातून काय समजावं, असं तू म्हणशील, आणि त्यावर मला अजून बोलता येत नाही. तुझ्या मैत्रिणीच्या आजीपुढे मी हे सगळं असंच म्हणू शकेन का, याचीही खात्री नाही.

पुढच्या आठवड्यात नवमी आहे. मी पाट मांडीन, मेडल ठेवीन. तू तुझं गिटार ठेव, लॅपटॉप ठेव, काहीच ठेवू नकोस, मी विचारणार नाही. मेडलला तू हात लावला नाहीस तरी चालेल. एक मात्र कर. तुझ्या मैत्रिणीला विचार, तिच्या आजीला मी भेटायला आलेलं चालेल का. टोरोंटोतलं त्यांचं स्कारबरो आपल्यापासून कितीसं लांब आहे? मी कोणाची मुलगी आहे ते तिला आधीच सांगून ठेव. नको म्हणाली तर तेही मला कळव.

तुझी,
आई