डोहातला मासा आणि फसवा आकडा

प्रोजेक्टसाठी कृष्णेतले मासे मोजणार म्हणतोस, छान. पण सांगलीच्या मासळी बाजारातून सुरुवात करू नकोस. तिथं कटला-रोहू बघून नदी भरलेली वाटेल. त्यातला बराचसा माल तळ्यातला नाहीतर बाहेरगावचा असतो. पहाटे हरिपूरच्या संगमावर जा, होडी काठाला लागेपर्यंत थांब.

आणि नुसतं ‘किती किलो’ लिहून आणू नकोस. जाळी किती, आस (जाळ्याच्या भोकाचं माप) केवढी, पाण्यात किती तास होती, हेही विचार. दोन जाळ्यांत दहा किलो आणि वीस जाळ्यांत दहा किलो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिकाम्या हाताने आलेली होडीसुद्धा वहीत हवी. नवखी पोरं नेमकी तीच गाळतात.

खरी मेख उन्हाळ्यात. पाणी आटलं की मासा डोहात गोळा होतो आणि जाळं भरून येतं. मीही एकदा मे महिन्याचे आकडे बघून ‘मासे वाढले’ असं लिहून मोकळा झालो होतो! कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं असंच झालं. उरलेला मासा दाटीनं राहिला, ट्रॉलरना, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटींना, भरभरून मिळत गेला, साठा भरपूर आहे असं अंदाज सांगत राहिले. 1992 मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. म्हणून वर्षभर मोज, आणि मे महिन्याची तुलना मेशीच कर.

लांबी घेताना माशाचं तोंड मिटलेलं हवं. भोईमामांना आधी चहा पाज, वही नंतर काढ.