खुष्कीचा मार्ग : जमिनीवरचा की आडवाटेचा?

प्रश्न : टोलनाका चुकवून शेतातून निघणाऱ्या रस्त्याला आमच्याकडे सर्रास 'खुष्कीचा मार्ग' म्हणतात. एका निवृत्त गुरुजींनी हे चूक ठरवलं. खुष्की म्हणजे नुसती जमीन, असं त्यांचं म्हणणं. मग आमचा अर्थ आला कुठून?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : गुरुजींचं बरोबर आहे. फारसीत 'खुश्क' म्हणजे कोरडं आणि 'खुश्की' म्हणजे कोरडी भूमी. तिच्या उलट 'तरी', म्हणजे ओल, पाणी. (मिसळीवरची तरी आठवली तर बिघडत नाही, जोडी लक्षात राहते.) तेव्हा पाण्यातून न जाता जमिनीवरून जाणारा तो खुष्कीचा मार्ग. तो जवळचा की लांबचा, उघडा की चोरटा, याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही.

आपल्याच भागातलं बघा. राजापूर बंदरापर्यंत माल यायचा तो जलमार्गाने. तिथून अणुस्कुरा घाट चढून देशावर यायचा तो खुष्कीने. १६६५ च्या बसरूर मोहिमेत शिवाजी महाराज समुद्रमार्गे गेले, पण गोकर्णाहून अंकोल्याकडे खुष्कीने निघाले. दोन्ही ठिकाणी खुष्कीला अर्थ येतो तो शेजारी पाणी आहे म्हणून.

घोटाळा झाला तो बहुतेक शाळेच्या पुस्तकातून. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, युरोपचा आशियाशी चालणारा खुष्कीचा व्यापार अडला, हे वाक्य सगळ्यांनी पाठ केलेलं. पण 'खुष्की' हा सुटा शब्द बोलण्यातून गेला आणि मागे उरला फक्त जोडशब्द. अर्थ माहीत नसला की माणूस आवाजावरून अर्थ लावतो. 'खुष्की' कानाला 'खुशी'सारखं लागतं, त्यामुळे सोयीचा, आपल्या मर्जीचा रस्ता असं वाटू लागतं. बातम्यांतून तर तो थेट पळवाटेवर आणि मागच्या दारावर जाऊन बसलाय.

लिहिताना एक करून बघा. 'खुष्कीने' काढून तिथे 'जमिनीवरून' घाला. 'टोल चुकवायला ट्रक जमिनीवरून गेले' हे हास्यास्पद होतं, कारण ट्रक दुसरीकडून जाणार कुठून? याउलट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या गावांत बोटीने पोचावं लागलं आणि पाणी उतरल्यावर खुष्कीने जाता आलं, हे वाक्य चोख आहे. पुलावरून नदी ओलांडली तरी ती खुष्कीच, पाय कोरडे राहिले ना! रेल्वेही त्यातच आली. विमानाशी तुलना करताना मात्र हा शब्द ओढूनताणून वाटतो. तिथे 'रस्त्याने' म्हणावं.

तुमच्या टोलच्या रस्त्याला आडवाट म्हणा, चोरवाट म्हणा, शेतांमधून जात असेल तर पाणंद म्हणा. इतके नेमके शब्द हाताशी असताना खुष्कीला राबवायचं कशाला? चुकीचा अर्थ रूढ झालाय हे खरं, पण तो मान्य केला तर जुन्या कागदातलं 'फौज खुष्कीने रवाना' हे उद्याचा वाचक 'फौज लपूनछपून गेली' असं वाचेल.

शब्द स्त्रीलिंगी आहे. 'खुष्की' आणि 'खुश्की' दोन्ही लेखनं आढळतात. एका मजकुरात एकच ठेवा. आणि 'खुष्कीची जमीन' लिहू नका, ती जमिनीची जमीन होते.