विमानातला सॅटकॉम शिकायचाय? आधी बी२ की बी.ई. ते ठरवा

ऐरोलीहून एका आईचे पत्र आले आहे. मुलगा बारावी सायन्सला, पीसीएम घेतलेला. हरवलेल्या एमएच३७० विमानाचा माग उपग्रहाच्या सिग्नलवरून कसा काढला, हे वाचल्यापासून त्याला विमानातल्या सॅटेलाइट कम्युनिकेशनचे (सॅटकॉमचे, म्हणजे उपग्रहामार्फतच्या संपर्काचे) वेड लागले आहे. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर ठाण्यातल्या एका क्लासने सहा महिन्यांचा ‘एव्हिएशन सॅटकॉम डिप्लोमा’ काढला. फी अडीच लाख, नोकरी पक्की म्हणतात. प्रवेश घ्यावा का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, ही फी भरू नका. मुलाची आवड मात्र खरी आहे आणि तिला चांगली वाट आहे. विमानातले यंत्र दुरुस्त झाल्यावर ‘उड्डाणास योग्य’ म्हणून सही करण्याचा अधिकार डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) लायसन्समधून येतो, आणि ते लायसन्स सॅटकॉमच्या नावाने निघत नाही. सॅटकॉम हा एव्हिऑनिक्सचा, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा, एक भाग. त्यासाठी सीएआर-६६ या डीजीसीएच्या लायसन्स-नियमांतले बी२ लायसन्स लागते. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर कुठल्याही हँगरमध्ये टेक लॉगवर (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीवर) सही करता येत नाही.

काम नेमके काय, ते मुलाला वाचून दाखवा. ३५,००० फुटांवरच्या विमानाचा व्हीएचएफ रेडिओ साधारण २३० सागरी मैलांपर्यंत पोचतो, कारण त्याच्या लहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. मुंबईहून नैरोबीला निघालेले विमान अरबी समुद्रावर या टप्प्याबाहेर जाते. मग उरतो खरखरणारा, पण लांब पोचणारा एचएफ रेडिओ किंवा उपग्रह. वैमानिक मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या (एटीसीच्या) ‘व्हीएबीएफ’ या पत्त्यावर लॉगऑन करतो; पुढे उंची बदलण्याची विनंती आणि तिचे उत्तर लेखी संदेशाने येते-जाते (हे सीपीडीएलसी), आणि विमान आपली जागा आपोआप कळवत राहते (हे एडीएस-सी). समुद्रावर दोन विमानांमधले अंतर कमी ठेवायचे तर ही देवाणघेवाण ठरावीक वेळेत व्हावीच लागते. आरसीपी-२४० या मानकातले २४० म्हणजे सेकंद. प्रवाशांचे वायफाय हा वेगळा विषय; ते बहुधा केयू किंवा केए बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर) चालते, सुरक्षेचे संदेश एल बँडवर.

आता बिघाड. या धंद्यात माणसाची पारख इथेच होते. सॅटकॉम उपग्रहाच्या जाळ्यावर लॉगऑन होत नाही अशी स्नॅग (बिघाडाची तक्रार) आली की नवखा मुलगा सॅटकॉमचा डबा बदलतो. शॉपमध्ये डबा ठणठणीत निघतो. कारण बऱ्याचदा भलतीकडे असते. इनमारसॅट या उपग्रह-सेवेचा भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. अँटेनाचा झोत त्याच्याकडे वळवायला विमान कुठे आहे आणि कसे कललेले आहे हे कळावे लागते. ती माहिती आयआरएसकडून (विमानाची जागा आणि कल मोजणाऱ्या यंत्रणेकडून) एआरआयएनसी ४२९ या डेटा-मानकाच्या तारांवरून येते. आयआरएस अजून अलाइन (स्वतःची जागा-दिशा ठरवून तयार) झालेले नसेल, किंवा त्या शील्डेड जोडीतली एक तार तुटली असेल, तर चांगला डबाही गप्प बसतो.

दुसरे दुखणे पाण्याचे. अँटेना विमानाच्या पाठीवर असते आणि कोॲक्स केबलच्या (मधे तार, भोवती जाळी) कनेक्टरचे सील गेले की तिथे पाणी शिरते. ३ डीबी (डेसिबल) लॉस म्हणजे निम्मी शक्ती गेली. अँटेना आणि लो नॉइज ॲम्प्लिफायर (क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) यांच्यामधल्या तुकड्यात गेलेला सिग्नल तर पुढे कितीही वाढवला तरी परत मिळत नाही, कारण नॉइजही सोबत वाढतो. म्हणून तो ॲम्प्लिफायर अँटेनाच्या अगदी जवळ बसवतात. इरिडियम ही दुसरी उपग्रह-सेवा १६१६ ते १६२६.५ मेगाहर्ट्झ वापरते, आणि इनमारसॅटसाठी विमानातून होणारे प्रक्षेपण लगेच १६२६.५ पासून सुरू होते. दोन्ही एकाच विमानावर बसवायची तर अँटेनांमधले अंतर आणि फिल्टर नीट नसल्यास एकाचा आवाज दुसऱ्याला बहिरे करतो.

भाड्याने आणलेल्या विमानात आणखी एक चूक होते. परदेशी नोंदणी बदलून भारताची ‘व्हीटी’ झाली की विमानाचा २४ बिटांचा पत्ताही बदलतो. तो ट्रान्सपॉन्डरमध्ये (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रात) बदलला आणि सॅटकॉममध्ये जुनाच राहिला की घोळ ठरलेला. फ्लाइट प्लॅनमधली नोंदणी किंवा फ्लाइट नंबर जुळला नाही, तर एटीसीची यंत्रणाही लॉगऑन नाकारते.

यातले काम आवडले, तर बी२. बारावी पीसीएम झाल्यावर सीएआर-१४७ (डीजीसीएचे प्रशिक्षण संस्थांसाठीचे नियम) मान्यताप्राप्त संस्थेत बेसिक कोर्स करायचा. बी२ साठी तो २,४०० तासांचा असतो. मॉड्यूलच्या परीक्षांत पास व्हायला ७५ टक्के लागतात. मान्यताप्राप्त कोर्स केला तर चालू विमानांवरचा २ वर्षांचा अनुभव पुरतो. तांत्रिक प्रशिक्षण काहीच नसेल तर ५ वर्षे. त्यानंतर विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानासाठीची वेगळी मान्यता. फी देण्याआधी संस्थेचे नाव डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघा, आणि मान्यता बी१ची (इंजिन आणि सांगाड्याच्या कामाची) आहे की बी२ची तेही. हा प्रत्यक्ष अनुभव कुठल्या हँगरमध्ये मिळणार, हे लेखी मागा. खरी अडचण बहुतेक मुलांना इथेच येते.

गणित पक्के असेल आणि हँगरपेक्षा जमिनीवरची यंत्रणा ओढत असेल, तर बी.ई. ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). पुढे गेट देऊन एअरपोर्ट्स अथॉरिटीत ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (इलेक्ट्रॉनिक्स) ही वाट आहे. रडार, आयएलएस (विमानाला धावपट्टीवर उतरायला मार्ग दाखवणारी यंत्रणा), व्हीएचएफ, सीपीडीएलसीची जमिनीवरची बाजू, इस्रोसोबत उभारलेले गगन (जीपीएस अधिक अचूक करणारी यंत्रणा), हे सगळे तिकडचे काम. मला विचाराल तर, ज्याला एमएच३७० चे कोडे भुलवते त्याने ही वाट आधी तपासावी. त्या शोधात सिग्नलला लागलेला वेळ आणि फ्रिक्वेन्सीतला फरक यांवरून विमान कुठे असू शकते ते काढले, आणि ते गणित इंजिनिअरिंगमध्ये खोलवर शिकवतात.

आत्ता त्याने दोनच गोष्टी कराव्यात. बारावीच्या फिजिक्समधल्या लहरी आणि सेमीकंडक्टर नीट करावेत. परीक्षा झाल्यावर दोन-तीन मीटर आरजी-५८ कोॲक्स केबल, बीएनसी कनेक्टर आणि मल्टिमीटर आणून द्या. कनेक्टर लावल्यावर मधली तार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग हवी, आणि मधली तार व बाहेरची जाळी यांच्यात शॉर्ट नको. जाळीचा एक केस आत राहिला तरी मीटर बीप करतो. असे दहा कनेक्टर लावून झाल्यावर हातांनी करायचे काम त्याला आवडते की कागदावरचे, हे त्याला विचारा, आणि त्या उत्तरावर वाट निवडा.