संगीत नाटक लिहितोयस ना, मग आधी गद्य पक्कं कर
तू चालींविषयी एवढं विचारलंस पण संवादांविषयी एक शब्द नाही, म्हणून लिहितोय. सांगलीत राहतोस तर हे माहीत हवंच, की १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं बरंचसं ऐनवेळी सुचेल तसं बोलायची, पक्की लिहिलेली संहिता आणि पात्रांनी स्वतः गायचं हे जमून आलं ते १८८० च्या किर्लोस्करांच्या शाकुंतलात.

आणि आपल्या हरिपूरच्या देवलांचं १८९९ चं शारदा घे, ऐकू नको, वाच. पदं लोकांना पाठ असतात, पण म्हाताऱ्या भुजंगनाथाला पोर द्यायला कांचनभट पैशापायी कसा तयार होतो, मध्यस्थ भद्रेश्वर कसं गोड बोलून जुळवतो, हे गद्यात उभं राहतं, ते नसतं तर शारदेची पदं नुसती गाणी राहिली असती.

तालमीत एकदा पेटीवाल्याशेजारी बस. पदाआधीचं शेवटचं वाक्य संपता संपता तो सूर देतो, ते वाक्य लांबलं किंवा ढिलं पडलं की नटाला गावंसंच वाटत नाही. मी असं एक वाक्य नऊ वेळा बदललंय.

आणि हो, हँडबिलावर लेखकाचं नाव येणार का हे आधीच विचारून घे बाबा, माझ्या एका नाटकाला लाइटवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं होती, माझंच राहिलं, फार लागलं होतं मनाला.