तिच्या मनात येईपर्यंत थांबावे का?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझी 19 वर्षांची मुलगी बेळगावला वसतिगृहात राहून शिकते. श्रावणी सोमवारांपासून सुरू झालेले तिचे उपवास संपलेच नाहीत. अर्धी भाकरीही तिला जड वाटते, पाळी बंद झाली आहे, तरी ‘मला काहीही झालेले नाही’ असेच ती म्हणते. डॉक्टरांनी ॲनोरेक्सियाचे, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडण्याच्या मानसिक आजाराचे, निदान केले आहे. तिच्या मनात आल्याशिवाय उपचाराचा उपयोग नाही, असे नातेवाईक सांगतात. आम्ही थांबावे का? — एक आई

उत्तर : ताई, थांबू नका. आपल्या नातेवाइकांचा सल्ला प्रेमापोटी आलेला असला, तरी या आजाराच्या बाबतीत तो घातक आहे.

इतर बहुतेक आजारांतून सुटावे असे रुग्णाला स्वतःलाच वाटते; येथे मात्र घटणारे वजन ही तिला आपली कमाई वाटते, आणि ती हिरावली जाण्याची भीती खरी असते. म्हणून याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय उपासमार स्वतःच मन बदलते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांनी स्वेच्छेने 24 आठवडे अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला, तेव्हा ज्यांना असा कोणताही आजार नव्हता ते तरुणही चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले. अन्नाखेरीज त्यांना दुसरे सुचेना. पोटभर जेवण पुन्हा सुरू झाल्यावरही त्यांचे मन सावरायला कित्येक महिने लागले. आपल्या लेकीकडून ‘मला बरे व्हायचे आहे’ हे वाक्य आज ऐकू येत नसेल, तर त्याचे एक कारण तिची उपासमार हेच आहे. बऱ्याच रुग्णांत ती इच्छा अन्न पोटात जाऊ लागल्यानंतर उमलते, आणि उमलल्यावरही आज होकार, उद्या नकार असे हेलकावे खाते. त्या नकाराने खचू नका.

तिच्याशी वजनावरून वाद घालू नका. ‘पूर्वी तुला काय काय आवडायचे? त्यातले आता काय राहिले?’ असे विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. व्यसनमुक्तीच्या उपचारातून मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली ही संवादाची रीत आहे. अर्थात नुसत्या संवादाने वजन वाढत नाही. शक्य असल्यास काही महिने तिला घरी आणा आणि प्रत्येक जेवणाला कुणीतरी शेजारी बसा. ती सज्ञान असल्यामुळे तिच्याशी बोलूनच हे ठरवावे लागेल. मात्र आधी रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या, कारण दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातल्यास रक्तातील फॉस्फेट घटून जिवावर बेतू शकते. चक्कर येऊन पडणे, नाडी फार मंद होणे किंवा मरणाची भाषा यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्या, मग तिची तयारी असो वा नसो.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. आपल्या भागात दवाखान्यातले बोलणे पुष्कळदा कन्नड किंवा इंग्रजीत होते. व्यवहारापुरते ते आपल्या मुलांना जमते, पण भीती मात्र घरच्या भाषेतच सांगता येते. बेळगावात असो वा धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत, मराठी जाणणारा समुपदेशक निःसंकोच मागून घ्या. तोपर्यंत 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मोफत बोलता येते. तेथे भाषा निवडण्याची सोय आहे, आणि पहिला फोन आपण स्वतःसाठी केलात तरी चालेल.