हजेरीची कटकट नसलेलं कॉलेज

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी नाशिकहून बदली होऊन आम्ही बडोद्याला आलो. मुलगा गेल्या वर्षी बारावी सायन्स झाला. परीक्षेच्या तयारीसाठी आम्ही एक वर्ष ड्रॉप घेतला, जेईई मेनला ८८ पर्सेंटाइल आले. आता दुसरा ड्रॉप घेतोय, आयआयटी काढायचीच. वर्ष रिकामं दिसू नये म्हणून एम. एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीला संलग्न असं एखादं बी.एस्सी. कॉलेज सुचवा, जिथे हजेरीची कटकट नाही. मुलगा फिजिक्स आवडतं म्हणतो, पण नुसतं बी.एस्सी. करून मास्तरकीच ना? हल्ली फारसा बोलत नाही, जेवणाचं ताटही खोलीत नेतो.
– एक वडील, गोरवा

नमस्कार,

कॉलेजचं नंतर बघू. आधी त्या खोलीत जाणाऱ्या ताटाबद्दल.

किती दिवस चाललंय हे? झोपतो कधी, उठतो कधी? मित्रांचे फोन घेतो का? पर्सेंटाइल तुम्ही नेमके कळवलेत, यातलं काहीच नाही. ‘आम्ही ड्रॉप घेतला’, ‘दुसरा ड्रॉप घेतोय’ असं लिहिता. पेपर सोडवायला तो एकटा बसला होता आणि निकालानंतर दार लावून घेणाराही तो एकटाच आहे. मग हे ‘आम्ही’ नेमके कोण? दुसऱ्या ड्रॉपबद्दल त्याचं काय म्हणणं आहे, याचा पत्रात एक शब्द नाही. मला वाटतं, त्याला विचारलेलंच नाही.

आठवडाभर घरात जेईईचं नाव नको. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, ‘बोल रे काकांशी’ म्हणून त्याच्या हातात देऊ नका. बोलणं, झोप, जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. पहिला फोन तुम्ही केलात तरी चालतं. कोचिंगची फी भरायला वेळ आहे, याला नाही.

आणि ती फी भरण्याआधी एक नियम वाचा. आयआयटीच्या प्रवेशासाठी मेननंतर द्यावी लागणारी जेईई अॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षं देता येते, बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या. म्हणजे दुसऱ्या ड्रॉपनंतर आयआयटीच्या बी.टेक.चं दार त्याच्यासाठी बंदच असेल. मेन देता येईल, तेवढंच. इंजिनीअरिंगच हवं असेल तर गुजरातेत गुजकेट ही राज्याची प्रवेश परीक्षा आणि एसीपीसी या राज्याच्या प्रवेश समितीचा रस्ता वेगळा आहे, त्यासाठी कोटा शहरातले क्लास लागत नाहीत.

आता तुमचा मूळ गैरसमज. नाशिककडे युनिव्हर्सिटी म्हणजे पुण्यातली कचेरी : ती पेपर काढते, डिग्री देते, शिकवतं मात्र गावातलं कॉलेज. बडोद्याचं तसं नाही. १८८१ च्या बडोदा कॉलेजातून वाढत १९४९ मध्ये ही युनिव्हर्सिटी उभी राहिली, ती स्वतः शिकवणारी म्हणूनच. फॅकल्टी ऑफ सायन्स हेच तिचं सायन्स कॉलेज. त्यामुळे ‘संलग्न पण बरं’ असं काही शोधायला जाऊ नका. फिजिक्सच्या एकाच विभागात पहिल्या वर्षाचा मुलगा, एम.एस्सी.वाला आणि पीएच.डी. करणारा असे तिघेही असतात. सकाळी लेक्चर घेणाऱ्या बाईच दुपारी स्वतःच्या संशोधनाच्या प्रयोगावर बसलेल्या दिसू शकतात. दार ठोठावून ‘सुट्टीत काही काम आहे का?’ असं विचारायला अठराव्या वर्षीही जाता येतं, मात्र त्यासाठी मुलगा तिथे हजर असावा लागतो.

म्हणून नाव घालून ठेवायचं आणि वर्षभर क्लासला पाठवायचं, हा बेत सोडा. थिअरी घरी वाचून निघेल, प्रॅक्टिकल निघत नाही. स्पेक्ट्रोमीटर लावायचा, रीडिंग घ्यायचं, आलेख काढायचा, त्याच आठवड्यात जर्नलवर सही घ्यायची. प्रॅक्टिकल बुडत गेली की जर्नल सर्टिफाय होणं अवघड. अंतर्गत परीक्षाही सेमिस्टरभर पसरलेल्या असतात. शेवटी मेन हाती लागत नाही आणि पहिल्याच सेमिस्टरला एटीकेटी बसते.

फिजिक्स खरंच आवडत असेल तर मेजर (मुख्य विषय) फिजिक्स, मायनर (जोडविषय) मॅथ्स. सोपा म्हणून दुसरा मायनर घेणारी मुलं पुढे आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायला बसतात आणि गणितात अडकतात. चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. नुसत्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर फारशी नोकरी नाही, हे तुमचं बरोबर आहे. एम.एस्सी.पर्यंत जायची तयारी हवी. पण ‘मास्तरकीच’ हे चूक : भाभा अणुसंशोधन केंद्र फिजिक्सचे एम.एस्सी. प्रशिक्षणासाठी घेतं. (आणि मास्तरकीबद्दल एवढी नाराजी का, तेही कळलं नाही.)

वेंकटरामन रामकृष्णन यांनी इथेच १९७१ मध्ये फिजिक्सची बी.एस्सी. केली. त्याआधी आयआयटीत त्यांना प्रवेश मिळाला नव्हता. २००९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे तुमच्या माहितीसाठी. मुलाला ऐकवू नका, आयआयटीचं ओझं उतरवून नोबेलचं चढवाल.

त्यापेक्षा त्याला एकट्याला जाऊन बघू दे. सगळी युनिव्हर्सिटी एका कुंपणात नाही, गावभर विखुरली आहे. सायन्स आणि घुमटवालं आर्ट्‌स सयाजीगंजात, हंसा मेहता लायब्ररी आणि हॉस्टेलं प्रतापगंजात, इंजिनीअरिंग कलाभवनात, गाणं-नाच शिकवणारी फॅकल्टी सूरसागरासमोर. फाइन आर्ट्‌सच्या आवारात कुणी दगड फोडत बसलेलं असतं, नवरात्रात तिथला गरबा बघायला गाव लोटतं. आर्ट्‌समध्ये मराठीचा विभागही आहे. नाशिकहून आलेल्याला तेवढंच बरं वाटेल. हॉस्टेल मुख्यतः बाहेरगावच्या मुलांसाठी, त्यामुळे तो घरूनच ये-जा करेल. पण लेक्चर संपलं की ‘लगेच घरी ये’ असा फोन करू नका. लायब्ररी, कॅन्टीन, कमाटीबागेतला कट्टा, हेही तिथलं शिक्षण आहे, आणि वर्षभर खोलीत बसलेल्या मुलाला तर ते आधी हवं.

त्याने हो म्हटलं तर जीकॅस या गुजरातच्या सामायिक प्रवेश पोर्टलवर नोंदणी करायची. नाव मार्कशीट आणि आधारवर सारखं आहे ना, ते आधी बघा. कागदपत्रांच्या तपासणीत हमखास तिथेच अडतं. फॉर्म त्यालाच भरू द्या. मोबाईल नंबरही त्याचाच टाकायचा, ओटीपी त्याच्या फोनवर येऊ दे.