मुळशीला विणायला जाऊ का?

प्रश्न: मी ५४ वर्षांची, कोथरूडला राहते. विणकाम आईकडून शिकले, दोन सुयांवर आणि तोंडी नमुन्यांवर. नोव्हेंबरात मुळशीजवळच्या एका फार्महाउसवर दोन दिवसांचं विणकाम शिबीर आहे, मैत्रीण चल म्हणतेय. फार जावंसं वाटतं. पण तिथे सगळ्या गोल सुईवर (वायरने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर) आणि इंग्रजी तक्ते बघून विणणाऱ्या असतील, माझी फजिती होईल अशी धास्ती वाटते. बारा वर्षांच्या भाच्याचा स्वेटर मुंढ्यापाशी अडकलाय, पुढचा भाग मागच्यापेक्षा दोन बोटं लांब झालाय. तो तिथे पुरा करावा असं मनात आहे. उजव्या अंगठ्यात अधूनमधून कळ येते. घरी सासूबाई ८० वर्षांच्या. आणि हे म्हणतात, "घरी फुकट विणता येतं, त्यासाठी साडेपाच हजार कशाला द्यायचे?" काय करू?

उत्तर:

ताई, जा. फक्त भाच्याचा स्वेटर तिथे पुरा करायचा बेत सोडा. या बेतापायीच बऱ्याच जणींचं शिबीर फुकट जातं. मुंढ्याची घट, म्हणजे बाहीच्या जागी टाके कमी करत जाणं, म्हटली की प्रत्येक सुईला (विणलेल्या प्रत्येक ओळीला) मोजणं आलं, आणि आजूबाजूला दहाजणी बोलत असताना मोजणं होत नाही. मग एकतर तुम्ही कोपऱ्यात तोंड मिटून टाके मोजत बसाल, नाहीतर गप्पांत रमाल आणि रात्री वीस सुया उसवाल.

न्यायचं काम असं हवं की बोलता बोलता हात चालत राहील. साधा मफलर घ्या: मध्यम जाडीची लोकर दीडशे ग्रॅम, ८ नंबरच्या सुया, ४० टाके, जाताना-येताना दोन्हीकडून सुलटच. रुंदी १८ ते २० सेंटिमीटर येईल. पहिल्या दहा-बारा सुया घरीच विणून ठेवा, कारण टाके पिळणं किंवा कमी-जास्त होणं बहुतेकदा सुरुवातीच्या दोन-तीन सुयांत घडतं आणि ते शांतपणे बघावं लागतं. या विणीत १० सेंटिमीटरला ४० ते ४४ सुया लागतात, म्हणजे सतराशेच्या आसपास टाके. मिनिटाला वीस-पंचवीस टाके विणणाऱ्या हाताला त्यासाठी सव्वा-दीड तास हवा. जेवणं, फिरणं, गप्पा वजा जाता दोन दिवसांत अर्धा मफलर झाला तरी भरपूर झाला. रंग फिकट निवडा. काळी किंवा गडद निळी लोकर फार्महाउसच्या संध्याकाळच्या उजेडात दिसतच नाही, आणि सुटलेला टाका सकाळी पाच इंच खाली सापडतो.

स्वेटर पिशवीत जरूर ठेवा, पण शिकवणाऱ्या बाईंना एक नेमका प्रश्न विचारण्यापुरता. तो प्रश्न हाताशी यावा म्हणून आधी घरी सुया मोजा. सुलट बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी घडी दिसते; उभ्या रांगेतली एक घडी म्हणजे एक सुई. बॉर्डर संपते तिथपासून मुंढ्याच्या पहिल्या घटीपर्यंत दोन्ही भागांच्या घड्या मोजा. पुढच्या भागात जास्त भरल्या, तर तुम्ही टेपने मोजून थांबला होतात आणि विणलेलं कापड टेपखाली ताणलं किंवा आक्रसलं गेलं. जास्तीच्या सुया उसवा, प्रश्न मिटला. घड्या सारख्याच असतील, तर हात बदललाय. मागचा भाग घट्ट हाताने झाला, मध्ये काही महिने गेले आणि पुढचा सैल हाताने. १० सेंटिमीटरला ३० सुयांऐवजी २७ पडल्या, तर ९० सुयांचा भाग ३० ऐवजी ३३ सेंटिमीटरच्या वर जातो. हीच तुमची दोन बोटं. अशा वेळी बॉर्डरपर्यंत उसवून एक नंबर बारीक सुईवर पुन्हा विणणं हा खरा उपाय आहे. खऱ्या लोकरीत एखाद्या सेंटिमीटरचा फरक धुऊन, ओलसर असताना टाचण्यांनी मापाला बसवून सुकवला तर जुळतो. अ‍ॅक्रिलिक नुसत्या पाण्याने ऐकत नाही, पुन्हा मूळ आकाराला येतं.

उसवण्याआधी धाग्याची लगाम घाला. बोथट सुईत वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून, जी सुई नक्की बरोबर आहे तिच्या प्रत्येक टाक्यातून तो आरपार काढा. दोन्ही टोकं वीतभर मोकळी सोडा. आता वरून कितीही उसवलंत तरी वीण त्या दोऱ्यापाशी थांबते.

गोल सुईची धास्ती उगाच आहे. तिच्यावर तुमच्या दोन सुयांसारखंच विणता येतं: सुई संपली की उलटायचं आणि परत यायचं. टोकं जोडून गोल विणायच्या भानगडीत पहिल्याच वेळी पडू नका. जोडताना टाके पिळले तर ते खूप वरपर्यंत विणून झाल्यावरच लक्षात येतं. ८० सेंटिमीटर लांबीची एक घ्या. नवीन वायर गुंडाळीसारखी उसळत राहते, ती गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून सरळ धरली की नरम होते. तुमच्या अंगठ्यालाही ही सुई बरी, कारण विणलेल्याचा भार मनगटांवर न येता मांडीवर पडतो.

खरेदी करताना नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. आपल्या जुन्या सुयांवरचा ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, पण अमेरिकन नमुन्यात ८ लिहिलं असेल तर ती ५ मिलिमीटरची जाड सुई असते. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. अमेरिकन नमुना नीट पाळूनही टोपी डोक्याला घट्ट होते, त्यामागे अनेकदा हाच घोळ असतो.

इंग्रजी तक्ता एका संध्याकाळी वाचायला येईल. एक चौकोन म्हणजे एक टाका. वाचन खालून वर. सुलट बाजूची सुई उजवीकडून डावीकडे, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. 'के' म्हणजे सुलट, 'पी' म्हणजे उलट. तोंडी नमुन्यावर विणणाऱ्या बायकांची नजर विणीवर पक्की असते, आणि तक्त्याला चिकटून राहणाऱ्या अनेकींना नेमकं तेच जमत नाही. तुमच्याकडून शिकणाऱ्याही तिथे निघतील.

अंगठ्याचं मात्र अंगावर काढू नका. दर अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून हात झटका, खाटेवर रेलून न विणता खुर्चीत बसून विणा. अंगठ्याच्या मुळाशी सतत दुखत असेल किंवा रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आता निसर्गाचं. नोव्हेंबर चांगला महिना आहे. पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीकडे हवा इतकी ओली असते की सुती धागा हातात जड लागतो आणि धुतलेलं वाळत नाही. पण नोव्हेंबरात गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. गुंडा गवतावर घरंगळला की कुसळ लोकरीत आडवं शिरतं, विणीत जातं आणि घातल्यावर अंगाला टोचत राहतं. आघाड्याचं बीही तसंच चिकट. म्हणून गुंडा नाडीच्या कापडी पिशवीत ठेवा, नाडीच्या फटीतून फक्त धागा बाहेर काढा, आणि गवतावर बसायचंच झालं तर जाड चादर अंथरा. सुटलेला टाका उचलायला साडेतीन मिलिमीटरची क्रोशाची सुई, बोथट सुई, छोटी कात्री, सेफ्टी पिना आणि पेन्सिल एवढं सोबत पुरे.

यजमानांचा प्रश्न पैशांचा दिसतो, तर उत्तरही पैशांत द्या: राहणं, दोन दिवसांची जेवणं आणि शिकवणी यांचे ते पैसे आहेत. अमेरिकेत विणकाम शिकवणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी १९७४ साली विस्कॉन्सिनमध्ये विणकामाचं शिबीर सुरू केलं, तेव्हा तिथे येणाऱ्यांनाही घरी विणता येतच होतं. विणणाऱ्यांच्या सोबतीत बसणं ही वेगळी गोष्ट आहे, तिची ओढ वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. सासूबाईंच्या गोळ्या वेळांसकट कागदावर लिहून द्या. शनिवार-रविवारी त्यांचा मुलगा घरी आहे.

पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करा. शिकवणाऱ्या किती आणि येणाऱ्या किती? एकीमागे बारापेक्षा जास्त असतील तर तुमच्या स्वेटरकडे बघायला कुणाला सवड होणार नाही. लोकर त्यांची की आपली? झोपायला पलंग की गाद्या, गरम पाणी आणि कमोड आहे का, चांदणी चौकातून गाडी आहे का, रद्द केलं तर किती परत मिळतात? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.